बाप मशीनगनवाला, पोरगा सायलेन्सरवाला : बंदुकीचा आवाज दाबणाऱ्या माणसाची आणि त्याला साजेशा .२२ पिस्तुलाची गोष्ट

कल्याण-बदलापूर रोडवर संध्याकाळी उभं राहा. विठ्ठलवाडीपासून उल्हासनगर, अंबरनाथ करत बदलापूरपर्यंत दर दहा मिनिटाला एक तरी बुलेट फाटफाट करत जाणार. कंपनीचा सायलेन्सर काढून टाकायचा, आवाज वाढवणारा बसवायचा आणि रस्त्यावरच्या प्रत्येकाला मान वळवायला लावायची. मग पोलीस गाडी अडवतात आणि दंड करतात. राज्यात कित्येक ठिकाणी असे जप्त केलेले सायलेन्सर ओळीनं मांडून त्यावर रोडरोलर फिरवलेलाही सगळ्यांनी रीलवर बघितलाय.

याच रस्त्यावर अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. काडतुसांच्या पुंगळ्यांसाठी लागणारं पितळ इथं तयार होतं.

गाडीचा सायलेन्सर आणि बंदुकीचं काडतूस या दोन वेगवेगळ्या गोष्टी. पण या दोन्हींना एकत्र आणणारा एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. त्यानं मोटारगाड्या बनवल्या, बंदुकीचा सायलेन्सर बाजारात आणला आणि नंतर तीच अक्कल वापरून इंजिनांचा आवाज दाबायचा कारखाना चालवला.

त्याचं नाव हायरम पर्सी मॅक्सिम.

मॅक्सिम हे आडनाव ऐकल्यावर काहीतरी आठवलं असेल, तर बरोबर आठवलं. मॅक्सिम गन बनवणाऱ्याचा हा मुलगा.

ज्या घरात दारूगोळ्याशिवाय विषय नव्हता

पर्सीचा जन्म २ सप्टेंबर १८६९ चा, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला. वडील हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम हे एक नंबरचे खटपटी. १८८१ साली ते कामानिमित्त युरोपात गेले ते तिकडचेच झाले. बायको आणि तीन पोरं अमेरिकेतच राहिली. तेव्हा पर्सी जेमतेम बारा वर्षांचा होता.

लंडनमध्ये बसून बापानं १८८४ साली जी बंदूक तयार केली, तिनं जगाचा नकाशा बदलला. तोवरच्या मशीनगनला हातानं दांडा फिरवावा लागायचा. या बंदुकीत गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्यावरच पुढचं काडतूस आपोआप भरलं जायचं. मिनिटाला पाचशे-सहाशे गोळ्या. ब्रिटिशांनी आफ्रिकेत हीच बंदूक वापरून मूठभर सैनिकांच्या जोरावर हजारोंच्या फौजा कापून काढल्या. पहिल्या महायुद्धात तर ब्रिटिश आणि जर्मन, दोन्हीकडच्या खंदकांत याच बंदुकीच्या सुधारित आवृत्त्या एकमेकींसमोर धडधडत होत्या.

इंग्लंडनं बापाला १९०१ मध्ये 'सर' केलं. पण आयुष्यभर बंदुकांच्या शेजारी उभं राहून या सर हायरम मॅक्सिमचे कान गेले. त्याला जवळजवळ ऐकू येईनासं झालं.

काकाही काही कमी नव्हता. हडसन मॅक्सिम स्फोटकांवर काम करायचा. १८९४ मध्ये प्रयोग करताना स्फोट झाला आणि त्याचा डावा हात गेला.

एकाचे कान गेले, एकाचा हात गेला, अशा घरात पर्सी वाढला. बापाशिवाय.

पुंगळीत पेट्रोल टाकलं आणि मोटारगाडी सुचली

पोरगा हुशार होता. १८८६ मध्ये, सतरा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच, तो एमआयटीतून मेकॅनिकलचं शिक्षण घेऊन बाहेर पडला. पुढं मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात तोफगोळे बनवणाऱ्या अमेरिकन प्रोजेक्टाईल कंपनीत तो कामाला लागला.

तर झालं असं की, १८९२ च्या सुमारास त्याच्या डोक्यात स्वतः चालणाऱ्या गाडीचं खूळ शिरलं. पेट्रोलमध्ये ताकद किती असते हे बघायला त्यानं कारखान्यातलीच तोफगोळ्याची एक रिकामी पुंगळी घेतली, त्यात पेट्रोलचा एक थेंब टाकला, हलवलं आणि पेटती काडी आत सोडली. भसकन् आगीचा लोळ वर गेला.

एका थेंबात एवढा दम असेल तर गाडी का पळणार नाही, असा त्यानं विचार केला आणि रात्रपाळी करून इंजिन बनवायला घेतलं. पुढं तीनचाकी सायकलवर ते बसवलं. ते पळवताना तो आपटला, पण ही गोष्ट कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफोर्डच्या पोप कंपनीच्या कानावर गेली. ही तेव्हाची सायकल बनवणारी बडी कंपनी. १८९५ मध्ये त्यांनी पर्सीला मोटारगाड्यांच्या कामासाठी नोकरीवर घेतलं. १८९९ मध्ये कनेक्टिकटमधल्याच ब्रॅनफर्डच्या ट्रॅकवर त्यानं शर्यतही जिंकली. बंद ट्रॅकवरच्या अमेरिकेतल्या सुरुवातीच्या मोटार शर्यतींपैकी ही एक मानली जाते.

इथं त्याला एक गोष्ट रोज सतावत होती. इंजिनाचा आवाज. सिलिंडरमधून गरम वायू एकदम बाहेर पडतो आणि फाट् असा आवाज होतो. बंदुकीच्या नळीतूनही गरम वायू असाच एकदम सुटतो. म्हणजे दोन्हीकडं दुखणं एकच होतं.

अंघोळीच्या टबात सुचलेली आयडिया

आता किस्सा असा सांगतात की, एकदा पर्सी अंघोळीच्या टबातलं पाणी सोडून बघत बसला होता. पाणी सरळ खाली न जाता भोकाभोवती गरगर फिरत, सावकाश निघून जात होतं. वायूलाही असंच गरगर फिरवलं तर? तोही सावकाश बाहेर पडेल आणि धमाका होणार नाही.

त्यानं बंदुकीच्या नळीच्या तोंडाला बसणारं एक नळकांडं तयार केलं. आत एकामागोमाग एक पडदे आणि मधोमध गोळी जायला सरळ वाट. गोळी सुसाट निघून जाते, मागचा वायू मात्र प्रत्येक पडद्याला अडकतो, फिरतो, थंड होतो आणि दमून बाहेर येतो.

प्रेशर कुकरचं उदाहरण घ्या. शिट्टी हळूहळू सोडली तर वाफ सूं करत जाते. तेच झाकण एकदम उडालं तर अख्खी चाळ जागी होते. सायलेन्सर म्हणजे शिट्टी हळूहळू सोडणं.

३० मार्च १९०९ रोजी त्याला या 'मॅक्सिम सायलेन्सर'चं पेटंट मिळालं. काही डॉलर मोजले की हार्डवेअरच्या दुकानात किंवा पोस्टानं घरपोच हा मिळायचा. पुढच्याच वर्षी आलेल्या मॉडेलमध्ये गोळीची वाट मधोमध न ठेवता वरच्या बाजूला सरकवलेली होती. कारण साधं होतं. जाड नळकांडं मधे आलं की नेम धरायची माशी झाकली जाते.

माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनंही आपल्या विंचेस्टर रायफलला हा सायलेन्सर लावून घेतला होता. पर्सीच्या डोक्यात गिऱ्हाईक होतं ते असंच. घरामागं निशाणेबाजीचा सराव करणारा, शेजाऱ्यांना त्रास नको असणारा आणि स्वतःचे कान शाबूत ठेवू इच्छिणारा साधा माणूस.

पण बंदूक खरंच गप्प होते का?

पिक्चरमध्ये काय दाखवतात? व्हिलन पिस्तुलाला नळकांडं फिरवून बसवतो, "फुस्स" असा आवाज येतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला पत्ताही लागत नाही.

हे खोटं आहे.

बंदुकीचा आवाज एक नसतो, तीन असतात. पहिला नळीच्या तोंडातून सुटणाऱ्या वायूचा धमाका. दुसरा खुद्द गोळीचा. गोळी आवाजापेक्षा वेगानं, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटरपेक्षा जास्त वेगानं गेली की हवेत चाबूक फोडल्यासारखा कडाका होतो. तिसरा बंदुकीच्या लोखंडी भागांचा, खटक्-खटक्.

सायलेन्सर यातल्या फक्त पहिल्या आवाजावर चालतो. तोही साधारण २० ते ३५ डेसिबलनं कमी होतो. मोठ्या रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या आसपास असतो, म्हणजे सायलेन्सर लावूनही तो दणदणीतच राहतो. म्हणून आज जाणकार त्याला सायलेन्सर न म्हणता सप्रेसर म्हणतात. आवाज दाबणारा, बंद करणारा नव्हे.

मग प्रश्न येतो की हे नळकांडं सगळ्यात जास्त शोभतं कुणाला? याचं उत्तर आहे .२२, म्हणजे पॉईंट टू टूचं रिमफायर पिस्तूल.

रिमफायर म्हणजे काय रे भाऊ?

मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध एक टिकली असते. तिच्यावर पिन आदळली की दारू पेटते. याला सेंटरफायर म्हणतात. रिमफायरमध्ये ती वेगळी टिकली नसते. पेटणारा मसाला पुंगळीच्या बुडाच्या काठातच भरलेला असतो आणि पिन त्या काठावर आदळते. त्यासाठी काठ पातळ लागतो. पातळ पुंगळीला जास्त दाब झेपत नाही, म्हणून रिमफायर काडतुसं छोटी आणि कमी ताकदीची असतात.

यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे १८८७ मध्ये आलेलं .२२ लाँग रायफल. गोळीचं वजन अडीच ग्रॅमच्या आसपास, मागं चिमूटभर दारू. स्वस्त आणि धक्का जवळपास नाहीच. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मारलं ते याच काडतुसावर. स्वप्नील कुसाळेचं २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधलं कांस्यही .२२ च्याच रायफलीचं.

आता वरचे तीन आवाज पुन्हा आठवा. दारू कमी, म्हणजे वायू कमी, म्हणजे पहिला धमाका मुळातच लहान. पिस्तुलाची नळी आखूड, त्यामुळं बरीचशी साधी .२२ काडतुसं पिस्तुलातून आवाजाच्या वेगाच्या आतच राहतात. म्हणजे दुसरा कडाकाही नाही. उरला फक्त खटका.

पण म्हणून कुठलंही .२२ चालतं असं नाही. ज्या देशांत हे कायदेशीर आहे, तिथले निशाणेबाज पिस्तूल निवडताना काही गोष्टी बघतातच.

पहिली गोष्ट, रिव्हॉल्व्हर नको. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांची फिरणारी चक्री आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट असते. वायू तिथूनच निसटतो. पुढं कितीही भारी नळकांडं लावा, बाजूनं फट्कन् आवाज येणारच.

दुसरी गोष्ट, नळी जागची हलायला नको. मोठ्या ताकदीच्या बहुतेक पिस्तुलांत प्रत्येक गोळीला नळी थोडी मागं सरकते आणि कलते. तिच्या तोंडाला सायलेन्सरचं वजन लटकवलं की ती हालचाल अडखळते आणि पिस्तूल अडकतं. .२२ च्या टार्गेट पिस्तुलात नळी सांगाड्याला पक्की बसवलेली असते. १९४९ मध्ये आलेलं रूगर आणि पुढं त्याच घराण्यातली मार्क मालिका, किंवा १९८५ पासूनचं ब्राउनिंगचं बक मार्क, ही सगळी याच जातीची. सायलेन्सर लावायचा म्हटलं की तिकडं ही नावं हमखास निघतात, ती यामुळंच.

तिसरी गोष्ट, नळीच्या तोंडाला कारखान्यातूनच सरळ पाडलेले आटे. आटे केसभर जरी तिरके असले तरी गोळी आतल्या पडद्याला घासते आणि सगळाच खेळ धोक्याचा होतो.

चौथी गोष्ट कंटाळवाणी, पण महत्त्वाची. साफसफाई. .२२ ची गोळी बहुतेक वेळा उघड्या शिशाची असते आणि दारूची काजळीही भरपूर. सायलेन्सर लावला की ही घाण उलटी पिस्तुलात शिरते. रूगरची जुनी मॉडेलं खोलली की परत जोडताना भलेभले घाम पुसायचे. २०१६ च्या मार्क फोरमध्ये एक बटण दाबून पिस्तूल उघडायची सोय आली, तेव्हा लोकांना हायसं वाटलं.

पाचवी गोष्ट पर्सीला १९१० मध्येच कळलेली. माशी नळकांड्याच्या वर दिसायला हवी.

एवढं सगळं जुळलं तरी शंभराच्या वर डेसिबलचा आवाज राहतोच. फरक इतकाच की कानाचा पडदा वाचतो. तज्ज्ञ साधारण १४० डेसिबलच्या वरचा एकच धमाकाही कानाला कायमची इजा करू शकतो असं मानतात, आणि उघड्या .२२ पिस्तुलाचा आवाजही त्या रेषेच्या वर जातो. सायलेन्सर लावला की तो रेषेच्या बऱ्यापैकी खाली येतो. ज्याचा बाप बहिरा झाला, त्या पोराच्या यंत्राचा खरा उपयोग हाच होता.

शिकाऱ्याचं खेळणं हेरांच्या हातात

पण दुनियेनं त्याचा वेगळाच अर्थ काढला. चोर, खुनी आणि चोरटे शिकारी याचा वापर करतील अशी ओरड सुरू झाली. काही राज्यांनी लगोलग बंदी घातली. धंदा आटत गेला.

१९३४ मध्ये अमेरिकन सरकारनं नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट आणला. मशीनगन आणि सायलेन्सर एकाच कायद्यात. सायलेन्सरवर २०० डॉलरचा कर आणि सरकारदरबारी नोंदणी. काही डॉलरच्या वस्तूवर २०० डॉलर कर म्हणजे जवळपास बंदीच.

योगायोग बघा. बापानं जगाला मशीनगन दिली, पोरानं सायलेन्सर. सरकारनं दोघांच्या वस्तू एकाच यादीत टाकल्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ओएसएस या हेरखात्याला गुपचूप वापरायचं पिस्तूल हवं होतं. त्यांनीही निवडलं ते .२२ च, हाय स्टँडर्ड कंपनीचं, पक्क्या नळीचं. ही कंपनीही कनेक्टिकटचीच. ओएसएसचा प्रमुख डोनोव्हननं राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टच्या ऑफिसातच वाळूच्या पिशवीत गोळ्या झाडल्या आणि साहेबांना कळलंही नाही, असा किस्सा आजही चवीनं सांगितला जातो. १ मे १९६० रोजी रशियानं यू-टू विमान पाडलं, तेव्हा वैमानिक गॅरी पॉवर्सकडं हेच पिस्तूल सापडलं होतं.

आपल्याकडं काय?

इकडं कुणी नाद करायचा विचार करत असेल तर थांबा. भारतात बंदुकीचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी कुठलीही वस्तू शस्त्र नियमांच्या पहिल्या, म्हणजे प्रतिबंधित शस्त्रांच्या यादीत येते. पिस्तुलाचं लायसन्स खिशात असलं तरी सायलेन्सर ठेवता येत नाही. उल्हासनगरच्या बाजारात जगातली कुठलीही वस्तू 'यूएसए' शिक्का मारून मिळते असा जुना जोक आहे, पण ही वस्तू कुणी बनवली, विकली किंवा जवळ ठेवली तर थेट शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे.

गंमत म्हणजे गाडीच्या बाबतीत कायदा बरोब्बर उलटा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२० क्रमांकाचा नियम सांगतो की प्रत्येक गाडीला सायलेन्सर पाहिजेच. म्हणजे बंदुकीला लावला तर गुन्हा, गाडीचा काढला तर गुन्हा.

शेवटी काय टिकलं?

पर्सी रडत बसणाऱ्यातला नव्हता. बंदुकीच्या सायलेन्सरची मागणी घटली तशी त्याच्या कंपनीनं तीच विद्या इंजिनं, कॉम्प्रेसर आणि जहाजांकडं वळवली. इंजिनाचा आवाज दाबणारे डबे त्याच्या आधीही होते, पण त्याची कंपनी या कामात मोठी झाली. शहरातल्या गोंगाटात झोप लागावी म्हणून खिडकीत बसवायचं यंत्रही त्यांनी काढलं. हवा आत येईल, आवाज बाहेर राहील. कारखान्यांसाठीचे मॅक्सिम सायलेन्सर आजही विकले जातात.

आणि ज्याला आवाज बंद करणारा म्हणून जग ओळखतं, त्याचा जीव अडकला होता आवाज दूरवर पोचवण्यात. १९१४ मध्ये त्याला हार्टफोर्डहून जवळच्याच स्प्रिंगफील्डला वायरलेसवर निरोप धाडायचा होता, पण यंत्राची ताकद पुरेना. मग मधल्या गावातल्या एका हौशी माणसानं तो निरोप पुढं दिला. असे हौशी लोक एकमेकांना जोडले तर निरोप देशभर जाईल, हे त्याच्या लक्षात आलं. तरुण क्लॅरेन्स टस्काला सोबत घेऊन त्यानं अमेरिकन रेडिओ रिले लीग उभी केली. आज आपण ज्याला हॅम रेडिओ म्हणतो, त्यांच्या जगातल्या जुन्या आणि मोठ्या संघटनांपैकी ही एक.

बापाबद्दलचा राग मनात धरून बसावं असं कारण त्याच्याकडं होतं. पण म्हातारपणी त्यानं बापावर पुस्तक लिहिलं ते लहानपणीच्या गमतीजमतींचं. ते आलं १९३६ मध्ये. पुढं त्यावर हॉलिवूडचा पिक्चरही निघाला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत तो बायकोबरोबर रेल्वेनं पश्चिमेकडं निघाला होता. वाटेत वेधशाळा बघायची होती, कारण शेवटी शेवटी त्याला आकाशाचं वेड लागलं होतं. प्रवासात घशाचा संसर्ग वाढला. कोलोरॅडोतल्या ला हुंटा गावात त्याला गाडीतून उतरवावं लागलं आणि १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी, तो गेला.

त्याच्या रेडिओ स्टेशनचं सांकेतिक नाव होतं डब्ल्यू वन ए डब्ल्यू. ते संघटनेच्या मुख्य स्टेशनला देण्यात आलं. कनेक्टिकटमधून त्या नावानं आजही संदेश प्रसारित होतात आणि जगभरातले हौशी लोक ते कान देऊन ऐकतात.